नवी मुंबईतली आगरी, येऊरची वारली : घरची बोली नातवंडांच्या तोंडी परत कशी आणायची?

खाडीकाठचा (घणसोली)

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. आमच्या गावातल्या काही घरांनी मिळून ठरवलंय, की दर रविवारी संध्याकाळी गावदेवीच्या मंडपात पोरांना आणि आज्यांना एकत्र बसवायचं आणि तेवढा वेळ फक्त आगरीत बोलायचं. फळा नाही, वही नाही, परीक्षा तर नाहीच. ज्यांनी आपापल्या बोलीसाठी काही करून बघितलंय त्यांनी सविस्तर लिहा, सल्ला हवाय.

आधी परिस्थिती सांगतो. आई माझ्याशी आगरीत बोलते, मी तिला आगरीत उत्तर देतो. माझ्या मुलीला आजीचं सगळं समजतं, पण ती उत्तर मराठीत देते आणि चुलत भावंडांशी हिंदीत खेळते. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत कुठल्याही गावठाणात जा, घराघरात हेच. भाषा जाते तेव्हा सगळे एकदम गप्प होत नाहीत. समजणारे बरेच उरतात, बोलणारे मात्र कमी होत जातात. युनेस्कोने धोक्यातल्या भाषांच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. त्यात पोरं घरी ती भाषा शिकेनाशी झाली की तिला निश्चित धोक्यात धरतात, आणि आजी-आजोबांपुरतीच उरली की गंभीर धोक्यात. आमच्या गावाची पायरी कोणती, हे माझ्या घरात बसूनही कळतं.

१७ मार्च १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली आणि ठाणे-रायगडातल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी गेली. मोबदल्यासाठी आपली माणसं लढली, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. जमिनीचा हिशेब अजून चालूच आहे. पण खाचरं, मिठागरं आणि खाडी यांच्याभोवती जी बोलणी होती त्यांचा हिशेब कोणी मांडला नाही. खारबांधाची उघाडी (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) कधी उचलायची आणि कधी पाडायची, पाग (फेकायचं जाळं) कुठल्या पाण्यावर टाकायचा, कुठल्या चिखलात निवट्या (चिखलातले मासे) सापडतात, हे वडील आणि त्यांचे सोबती तासन् तास बोलायचे. मी ते ऐकत मोठा झालो. माझ्या मुलीच्या कानावर यातलं काही पडलेलं नाही, कारण बांध जिथे होता तिथे आता टॉवर आहे.

म्हणून नुसतं रेकॉर्डिंग करून ठेवण्यावर माझा भरवसा नाही. पोरांना बोलायला माणूस पाहिजे आणि वेळ पाहिजे. तेवढं जमवायचंय.


नौपाड्याचा वाचक

उपक्रम चांगला आहे, पण दोन शंका मनापासून विचारतो. पहिली म्हणजे आगरी ही मराठीचीच बोली आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला खरा, पण ठाण्यातल्या मराठी शाळांचे वर्ग रिकामे होताना मी रोज बघतो. अशा वेळी पोरांना आधी मराठीत टिकवायचं की बोलीत? दुसरी शंका अशी, की आगरी-कोळी गाणी आज ठाण्यात प्रत्येक हळदीला वाजतात, मग आगरी धोक्यात आहे असं कसं म्हणायचं?


धवलारणीची नात (करावे)

दुसऱ्या शंकेला उत्तर देते. हळदीला वाजणारी गाणी मलाही आवडतात आणि ती लिहिणाऱ्या पोरांबद्दल आदर आहे. पण त्या गाण्यांतले शब्द ठरलेले असतात. दादूस, बाय, नवरी, म्हावरा, हळद. ज्या पोराला ती सगळी पाठ आहेत त्याला आजीने 'गारीन बसून इकरं ये' (गाडीत बसून इकडे ये) म्हटलं की तो हिंदीत 'आता हूँ' म्हणतो. गाणं पाठ असणं आणि बोलता येणं यांत फार अंतर आहे.

माझी आजी धवलारीण होती, आता आत्या धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, म्हणते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे लग्न लावायचा मान पूर्वी धवलारणीचा. मांडव घालण्यापासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला असतो. हल्ली भटजी असतातच, धवलारणीलाही बोलावतात, पण तिला थोडकाच वेळ मिळतो आणि मग डीजे सुरू होतो.

आत्याचा धवला रेकॉर्ड करायचा म्हणून आम्ही तिला एका हॉलमध्ये नेलं, समोर माइक ठेवला. ती दोन ओळी म्हणाली आणि थांबली, पुढचं काही केल्या आठवेना. माझ्या काकीने घरून सूप आणलं, त्यात भात आणि हळकुंडं ठेवली, जातं आत्याच्या पुढ्यात ओढलं आणि खुंट्याला हात लावायला सांगितलं. हात फिरायला लागला तसा धवला सुरू झाला, तो घाणा भरून होईपर्यंत थांबला नाही. मध्येच ती मोठ्याने म्हणाली, नवरीच्या मामीला बोलवा, हे कडवं तिच्यासाठी आहे. मामी कुठून आणणार, मीच जाऊन बसले.

तेव्हा मला कळलं की तिला ते गाणं म्हणून पाठ नाहीच. ते त्या कामात आहे. खाडीकाठचे दादा, तुमच्या मंडपात नुसत्या गप्पा नका ठेवू. आज्यांच्या हाताला काम द्या. सुकट निवडू दे, तांदळाची भाकरी थापू दे, पोरांना शेजारी बसवा. बोलणं आपोआप येतं.


येऊरची वाट

करावेच्या ताईंचं वाचून मन भरून आलं. मी ठाण्याच्या डोंगरातल्या येऊरच्या पाड्यांवर लहान मुलांसोबत काम करते. आमच्या वारली घरांतही लग्न लावणारी बाईच असते, तिला धवलेरी म्हणतात. सवाशिणी भिंतीवर लग्नाचा चौक काढतात आणि पालघाट देवीची गाणी होतात. दोन समाज, दोन बोली आणि दोन्हीकडे हा मान बाईकडे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण एक सल मांडते. वारली चित्रं आज सगळीकडे आहेत. ठाण्यात उड्डाणपुलाच्या खांबांवर आहेत, साड्यांवर आहेत, सोसायटीच्या गेटवर आहेत. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला होता. मात्र वारली बोली ठाणे शहरात तुम्ही कुठे ऐकली आहे का? भिंतीवर चित्र रंगवणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की चौक काढताना त्याच्यासोबत गाणं असतं? चित्र विकलं जातं म्हणून ते गावाबाहेर गेलं, बोली घरात राहिली आणि आता घरातूनही चालली आहे.

आमची पोरं शाळेसाठी खाली शहरात जातात. घरी येतात ती मराठी आणि हिंदी बोलत. आईबापांना वाटतं वारलीत बोललं की पोराला हसतील. हे वाटणं खोटं नाही, हसतातच. त्यामुळे आम्ही सुरुवात पोरांपासून केली नाही, आयांपासून केली. वाघबारशीला वाघोबाच्या ठाण्यापाशी सगळे जमतात तेव्हा म्हाताऱ्यांनी वाघाच्या गोष्टी सांगायच्या, आणि आयांनी त्या घरी जाऊन पोरांना वारलीतच पुन्हा सांगायच्या, एवढंच ठरवलं. या जंगलात बिबटे आहेत, पोरं त्या गोष्टी कान टवकारून ऐकतात. मोठं काही केलंय असं म्हणणार नाही, पण आता काही घरांत रात्री गोष्ट वारलीत होते.


शब्दशोधक

भाषाशास्त्राची विद्यार्थिनी आहे, बाहेरची उदाहरणं थोडी नीट मांडते. कारण 'न्यूझीलंडने करून दाखवलं' एवढंच आपण ऐकतो आणि कसं केलं ते राहून जातं.

न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी लोकांनी १९७२ मध्ये ३० हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेला दिला, की आमची भाषा शाळेत शिकवा. पण खरा बदल झाला तो १९८२ मध्ये, वेलिंग्टनजवळ पहिलं 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचं घरटं, सुरू झालं तेव्हा. शाळेआधीच्या वयाची मुलं, त्यांना सांभाळणाऱ्या आज्या आणि दिवसभर फक्त माओरी. जागा समाजाची, माणसं घरची, निर्णय पालकांचे. तीन वर्षांत अशी चारशेच्या वर घरटी उभी राहिली आणि १९८७ मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. क्रम लक्षात घ्या, कायदा नंतर आला. हवाईतही तसंच. १८९६ च्या कायद्याने शाळेतून गेलेली हवाईयन भाषा पालकांनी १९८४ मध्ये बालवाडीपासून परत आणली आणि ती आडकाठी १९८६ मध्ये उठली.

पण न्यूझीलंडची दुसरी बाजूही सांगायला हवी. नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर घरट्यांतल्या मुलांची संख्या घटत गेली. आज्या वयस्कर होत गेल्या आणि मधल्या पिढीतल्या बऱ्याच आईबापांना स्वतःला भाषा येत नव्हती.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते फिनलंडमधल्या इनारी सामी लोकांचं काम. बोलणारे जेमतेम साडेतीनशे. १९९७ मध्ये त्यांनी मुलांसाठी घरटं काढलं. मुलं बोलायला लागली, पण त्यांना शिकवायला तरुण माणसंच नव्हती. मग २००९-१० मध्ये १७ मोठ्या माणसांना वर्षभर पूर्णवेळ भाषा शिकवली. वर्गात बसणं होतंच, शिवाय म्हाताऱ्या जाणकारांसोबत मासे धरायला जायचं, स्वयंपाक करायचा आणि सगळं इनारी सामीत बोलायचं. त्यातले अनेक जण पुढे त्याच भाषेत शिक्षक झाले, कोणी बातम्या देऊ लागले. खाडीकाठचे दादा, तुमच्या आईला आगरी येते, मुलीला समजते. पण तुमच्या बायकोचं आणि वहिनीचं काय? त्या आगरी नसतील किंवा विसरल्या असतील, तर रविवारच्या मंडपात त्यांनाही बसवा.

नौपाड्याच्या काकांची पहिली शंका अगदीच सोडून देता येणार नाही, कारण सरकारी मोजणीवर बरंच काही ठरतं. २०११ च्या जनगणनेत लोकांनी आपल्या मातृभाषेची १९,५६९ नावं सांगितली, छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या आणि शेवटी १२१ भाषांत त्या बसवल्या. १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी बोलणाऱ्यांची भाषा वेगळी छापतच नाहीत. तेव्हा बोली की भाषा हा वाद सुटेपर्यंत थांबू नका. आगरी बोलणारं मूल मराठीला परका होत नाही, उलट मराठीला खाडीचे शब्द त्याच्याकडूनच मिळतात.


कॅम्प चारचा रहिवासी (उल्हासनगर)

मी सिंधी आहे, शाळेपासून मराठी वाचतो. आमचं उदाहरण इथे कामाला येईल म्हणून लिहितो.

फाळणीनंतर आमचे आजोबा कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले, त्याचं पुढे उल्हासनगर झालं. सिंधी १० एप्रिल १९६७ रोजी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, आली. २०११ च्या जनगणनेत देशात २७ लाखांवर लोकांनी मातृभाषा सिंधी सांगितली. अकादमी आहे, पुरस्कार आहेत, चेटीचंडाला मिरवणुका निघतात. आणि माझ्या घरात माझा नातू सिंधीतलं एक वाक्य धड बोलत नाही. आमच्या वेळी सिंधी माध्यमाच्या शाळा गजबजलेल्या होत्या, हळूहळू पालकांनीच पोरं काढून इंग्रजीत घातली. अरबी लिपी की देवनागरी, यावर आमच्या मोठ्या माणसांनी आयुष्यं घालवली, तेवढ्यात पोरं दोन्ही लिप्यांपासून दूर गेली.

म्हणून मान्यता मिळाली की भाषा वाचली असं समजू नका. मान्यता हवीच, त्यासाठी लढा. पण घरात राग, लाड, हिशेब, भांडण हे सगळं ज्या भाषेत चालतं तीच पोरं उचलतात. आमच्याकडे लाडाचे शब्द सिंधीत राहिले, बाकी सगळं हिंदीत गेलं. आता मी नातवाला रोज दुकानात अर्धा तास बसवतो आणि गल्ल्याचा हिशेब सिंधीत करतो. तो आकडे शिकला. पुढचंही शिकेल.


ऐरोलीची आई

सगळं वाचलं, पटलंही. तरी एक भीती आहे ती लिहिते. माझा मुलगा इंग्रजी शाळेत आहे. पहिलीत असताना तो 'पानी', 'डोला' असं बोलला म्हणून वर्गशिक्षिकेने मला बोलावून सांगितलं की घरी शुद्ध बोलत जा, मुलगा मागे पडेल. शाळेचं नाव घेत नाही. त्या दिवसापासून सासूबाईंनीच त्याच्याशी आगरी बोलणं सोडलं, कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. त्या आता त्याच्याशी तुटक मराठीत बोलतात आणि फार थोडं बोलतात. आता परत सुरू केलं तर मुलाचा गोंधळ होईल का?


शहापूरचा गुरुजी

ताई, गोंधळ होत नाही. मूल तीन-चार भाषा सहज सांभाळतं, कोणाशी कोणती बोलायची हे ते आपणहून ठरवतं. सासूबाईंना म्हणावं, भरपूर बोला. मुलाकडे आज शब्दांचा साठा जितका मोठा, तितकी पुढची भाषा सोपी जाते. तो साठा आगरीत झाला तरी तो साठाच.

मी जिल्हा परिषद शाळेत कातकरी मुलं शिकवतो. पहिलीत आलेलं कातकरी मूल कित्येक दिवस तोंड उघडत नाही. ते मंद आहे असं कोणीही म्हणेल, आणि म्हणतात. मी वाडीवरच्या एका आजीला वर्गात बोलावू लागलो. तिने जंगलातल्या कंदांची, खेकड्यांची, चुलीवरच्या सगळ्या गोष्टी त्यांच्या बोलीत काढल्या आणि तीच मुलं एकमेकांचं वाक्य तोडून बोलायला लागली. त्यानंतर मराठी वाचन माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर आलं. ओडिशात २००७ पासून दहा आदिवासी भाषांत पहिलीचे वर्ग सुरू झाले, त्यामागचा विचार हाच. राज्यघटनेच्या कलम ३५० क मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं असं आहे, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा असं म्हटलंय. पण माझ्या वर्गात पुस्तक नाही, कातकरी शिक्षक नाही. आणि दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापांसोबत भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातो, तो पावसाच्या तोंडावर परत येतो. भाषेचं काम करताना माणसाच्या पोटाचं काम वेगळं काढता येत नाही, हे शहरातल्या मित्रांनी ध्यानात ठेवावं.


आवाजवाला (कोपरखैरणे)

रेकॉर्डिंगबद्दल थोडं. खाडीकाठचे म्हणतात तसं ते पुरेसं नाही, पण तरीही करा, कारण आज्या आहेत तोवरच ते होणार.

फोन पुरतो. विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन हातात न धरता आजीच्या हातभर अंतरावर टॉवेलवर ठेवा. सुरुवातीला गाव, तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने म्हणा, नंतर कोणाचं काय ते कळत नाही. मूळ फाइल व्हॉट्सॲपने पाठवू नका, आवाज दाबला जातो. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा. सुटे शब्द गोळा करायचे तर 'लिंग्वा लिब्रे' नावाची सोय आहे. यादी द्यायची, एकामागून एक शब्द बोलत जायचं, ते विकिमीडिया कॉमन्सवर जातात. पोरांना हे काम फार आवडतं.

मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो. कॉमन्सवर टाकलेलं कोणीही वापरू शकतं, पैसे कमावण्यासाठीसुद्धा. सुट्या शब्दांना हरकत नाही. धवला किंवा धवलेरीची गाणी टाकण्याआधी त्या बायकांना हे अगदी साध्या शब्दांत समजावून सांगा आणि त्या नाही म्हणाल्या तर विषय संपला. काही गाणी फक्त समाजापुरतीच ठेवायची असतील, तर ती गावच्या एका हार्ड डिस्कवर राहू द्या. कोणाचा आवाज कुठे जाणार हे ज्याचा आवाज आहे त्यानेच ठरवायचं.


नौपाड्याचा वाचक

शब्दशोधक आणि गुरुजींचा मुद्दा पटला. मराठीची काळजी मला अजूनही आहे आणि आगरीची वेगळी पाठ्यपुस्तकं निघावीत का याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण ऐरोलीच्या ताईंच्या सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. शुद्धतेच्या नावाखाली आजीला घरात गप्प बसावं लागत असेल तर त्यात मराठीचं काहीच भलं नाही. मी निवृत्त आहे, देवनागरी टायपिंग चांगलं येतं. रेकॉर्डिंग ऐकून जसं बोललं तसंच लिहून काढायचं काम द्या. 'डोला'चा 'डोळा' करणार नाही.


धवलारणीची नात (करावे)

काका, काम भरपूर आहे. आत्याला विचारून पहिली फाइल पाठवते. ती हो म्हणाली तरच.


खाडीकाठचा (घणसोली)

सगळ्यांचे मनापासून आभार. इथलं वाचून घरी बसून चर्चा झाली. रविवारी नुसत्या गप्पा ठेवणार नाही. पहिल्या वेळी आज्या तांदळाच्या भाकऱ्या करतील आणि पोरं मळायला बसतील, पाऊस नसला तर पुढे वडिलांचे दोन सोबती पाग विणायला आणि फेकायला शिकवतील. आयांसाठी वेगळी वेळ ठेवतोय, माझ्या बायकोने आपणहून सांगितलं की मी पहिली येते. तिचं माहेर साताऱ्याचं.

हिंदीत खेळणाऱ्या पोरांना टोकायचं नाही, असंही ठरलं. त्यांनी कशातही विचारलं तरी मोठ्यांनी उत्तर आगरीत द्यायचं. मोठ्यांनाच ते अवघड जाणार आहे, आमच्याच तोंडात मराठी आधी येते.

येऊरच्या ताई, वाघबारशीला आमची पोरं घेऊन आलो तर चालेल का, ते पाड्यावर विचारून सांगा. आणि ऐरोलीच्या ताई, सासूबाईंना रविवारी घेऊनच या. ऐरोली, रबाळे, गोठिवली, तळवली या बाजूने ज्या आज्या येतील त्यांच्यासाठी रिक्षाची सोय करतोय. किती जणी येणार ते शुक्रवारपर्यंत इथेच लिहा, म्हणजे पीठ त्या मापाने दळून आणता येईल.